आबांची शेवटची कॅसेट

आबा, सकाळी चुलवणावर हळद शिजवायची काहील चढली, की मी ती झाकायला ओलं गोणपाट घेऊन धावायची. शेण काढून हात पुरते धुतलेलेही नसायचे. जरा उशीर झाला की तुम्ही ओरडायचात, "झाक की गं! वाफ काय तुज्या सासरी न्यायची हाय?" तेव्हा माझं लग्नही ठरलेलं नव्हतं. आई तोंडाला पदर लावून हसायची.

मग लग्न होऊन मी कुरुंद्याहून बाळापूरला आले. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, मला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही कॅसेटवर बोलायचात आणि ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचात. बैलाचं, आईच्या गुडघ्याचं, सगळं त्यात. शेवटच्या कॅसेटच्या अखेरीला मात्र शेजाऱ्याने हळद घासायचा ड्रम सुरू केला आणि तुमचे शब्द त्या खडखडाटात बुडाले. त्यानंतर तुम्ही गेलात. मी कितीदा तरी टेपला कान लावून बसले. ड्रमच ऐकू आला.

अक्षरं मी पुढे खताच्या गोण्यांवरून लावत शिकले. हे गेल्यावर घर फार गप्प झालं, तेव्हा पुस्तकंच सोबतीला होती. मग पुण्याहून लेकीने तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. "हा डबा म्हातारा झालाय, आई. ह्याच्यावर लिनक्सच बरं चालतं," म्हणाली. पडद्यावरचं सगळं तिने मराठीत करून दिलं, तुमची शेवटची कॅसेट त्यात उतरवली आणि तिच्यातला खडखडाट कसा काढायचा तेही शिकवलं. ते काम तासन्‌तास चालतं. सकाळी लावायचं, आणि दुपारी पाहावं तर सगळं जागच्या जागी थिजलेलं, बाणसुद्धा हलत नाही. परत चालू करायचं, परत पहिल्यापासून.

लेक फोनवरून विचारत होती. आपोआप झोपायची सेटिंग बंद केली का? केली. मेमरी भरली का? नाही. "मग काम चालू असताना तापमान बघ." मी वाचून दाखवत होते आणि आकडा चढतच होता.

"आई, कॉम्प्युटरच्या डब्यावर काही ठेवलंस का?"

"काई न्हाई. गोणपाट हाय नुसतं."

"गोणपाट?"

"काम चढवलं की झाकते मी. कोरडंच हाय गं!"

"आई, काहून झाकलं? ते आत शिजून राहिलंय!"

दोघी इतक्या हसलो की फोन माझ्या हातातून पडला. आबा, तुमची शिकवण हातातून जातच नाही बघा. मी गोणपाट काढलं, कॉम्प्युटर बंद केला, पंख्यात साचलेली धूळ ब्रशने झाडली आणि काम पुन्हा लावलं. तिन्हीसांजेला ते न अडकता पुरं झालं. ड्रम दूर गेला आणि तुमचा आवाज आला, "आता ही कॅसेट उलटी कर, मागल्या बाजूनं तू बोल, अन्‌ त्याच कंडक्टरजवळ धाड. कवाचा मीच बडबडून राहिलो. तुजं बी आईकू दे."

तुम्ही मला बोलायला सांगून गेलात आणि इतकी वर्षं मला ते ठाऊकच नाही. मी पदराने डोळे पुसले आणि तेवढंच पुन्हा लावलं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, आणि तुम्हाला वाचता कुठे येत होतं? खरं सांगू, मला आता लिहिता येतं हे तुम्हाला दाखवायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून मी कॅसेट उलटी केली, टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि बोलायला बसले.