पंचवीस कोटी कोळंब्यांचा हिशेब

आदरणीय बाबा,

जावयाचा वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही. पंधरा दिवस बोटीवर ओणवं राहून कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? आईंचा खोकला कमी झाला का? इकडे सगळं ठीक. तुमची लेक मजेत आहे, म्हणजे माझ्यावर रोज ओरडते.

समुद्रात कोळंबी किती आहे, आणि त्यातली किती धरली तर पुढच्या वर्षीही उरेल, हे यंदा आमच्या मत्स्य खात्याला शोधायचं होतं. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. दोन हजार जिवंत कोळंब्या धरायच्या, एकेकीच्या शेपटीत नंबराची पिवळी फीत ओवायची आणि परत पाण्यात सोडायच्या. ऐकायला सोपं आहे हो! कोळंबी काही मांडीवर पडून राहत नाही. सुई तिच्या शेपटीत कमी आणि माझ्या अंगठ्यात जास्त गेली. त्यात मला बोट लागते. (बावीस वर्षं या खात्यात आहे, पण समुद्रावर जायची वेळ पहिल्यांदाच आली.) फीत परत आणून देणाऱ्याला बक्षीस म्हणून खात्याची टोपी ठरली. टोप्या आल्या त्या पाच वर्षांच्या पोराच्या मापाच्या. खरेदी समितीचं म्हणणं, कोळंबी तरी कुठे मोठी असते!

यातलं गणित तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात आम्ही आलो होतो तेव्हा मीच जेवताना समजावलं होतं. तांदळाच्या पोत्यात रंगवलेले शंभर दाणे मिसळायचे, मग मूठभर तांदूळ काढायचे. मुठीत रंगीत दाणे जितके कमी, तितकं पोतं मोठं. तुम्ही बोटमालक संघटनेचे अध्यक्ष, तरी शाळकरी मुलासारखं 'अरे वा, अरे वा' करत ऐकत होतात. एकच शंका विचारलीत, कुणी फिती दिल्याच नाहीत तर? मी घास न गिळताच म्हणालो, तर गणिताला वाटणार, समुद्र कोळंबीनं तुडुंब भरलाय! त्यावर तुम्ही मला स्वतःच्या हातानं आणखी वाढलंत. (बारा वर्षांत पहिल्यांदाच. मी किती भारावलो होतो!)

तर तीन महिन्यांत धक्क्यावर पाच लाख कोळंब्या उतरल्या आणि फिती परत आल्या चार. चार! त्यातलीही एक आमच्या मोठ्या साहेबांच्या घशातून निघाली. दुपारच्या जेवणात ठसका लागला, शिपायानं पाठीत गुद्दे घातले आणि एक हजार बारा नंबर ताटात पडला. (टोपी कुणाला द्यायची, साहेबांना की शिपायाला, यावर फाईल अजून फिरते आहे.) चार फितींवरून आकडा निघाला पंचवीस कोटी. साहेब भलतेच खूश. पकडीची मर्यादा शंभरपट करायचा प्रस्ताव तयार आहे. मी म्हटलं, साहेब, काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, एवढा मोठा आकडा चुकीचा कसा असेल? गुरुवारी अहवाल जाणार, सही माझी. तरला तर साहेब, बुडाला तर मी.

माझं जाऊ द्या हो. तुमच्या धाकट्यानं आत्ताच कुठे स्वतःची बोट पाण्यात घातली आहे. पंचवीस कोटींच्या भरवशावर सगळे तुटून पडले तर यंदा त्याची बोट भरून येईल आणि पुढच्या वर्षी तिच्यात पोरं लपाछपी खेळतील. मला याची खरंच भीती वाटते, बाबा. झोप लागत नाही.

असो, फार वाहवलो. आईंना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक
जावई

ता. क. : मागच्या महिन्यात तुमच्याकडे माझ्या शर्टाचं बटण तुटलं, तेव्हा सुईदोऱ्याचा म्हणून मी चुकून बिस्किटांचा डबा उघडला होता. आत पिवळ्या फिती. तीनशे शहाण्णव. (शंभर-शंभरच्या गड्ड्या, वर रबर. तुमची शिस्त मानली!) घरी तुमच्या लेकीला तेवढं सांगितलं, बाहेर गप्प बसलो, जावई आहे, पोलीस नाही. पण बुधवारपर्यंत त्या धक्क्यावरच्या आमच्या पेटीत टाका. कुणी नाव विचारणार नाही. हात जोडतो.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी हे पत्र तुमच्या लेकीनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, बाबांना हात जोडून आजवर कधी काही झालंय का? गेल्या रविवारी ती तुमच्याकडे आली होती ना, तेव्हाच तिनं डबा पर्समध्ये रिकामा केला. काल मी साहेबांची बोलणी खात असताना, आमच्याच कचेरीच्या खिडकीवर सगळ्या फिती जमा करून गेली. मला पत्ता नाही! आता चारशे फितींचा आकडा येतो पंचवीस लाख. गुरुवारी मी त्यावर सही करणार आणि मग झोपणार. तुम्हीही डब्यावर पहारा ठेवू नका. त्यात आता तिनं भरलेली बटणं आहेत.

ता. क. ३ : पावती तिनं तुमच्या नावानं घेतली. त्यामुळे सर्वांत जास्त फिती परत करणारा प्रामाणिक बोटमालक म्हणून शुक्रवारी सकाळी दहा वाजता, धक्क्यावर, तुमच्या सगळ्या संघटनेसमोर मोठे साहेब तुमचा सत्कार करणार आहेत. तीनशे शहाण्णव टोप्या मी घेऊन येतो. डोक्याचं माप तेवढं उलट टपालानं कळवा. एखादी उसवून मोठी करता येते का बघतो. बटणं तुमच्याकडे आहेतच.