एका मुलासोबत एकच माणूस

२ मार्च
आले एकदाची! जागा बघून जीव हरखला. खाली दोन खोल्यांचा दवाखाना, वर राहायचं घर. जिना उतरला की कामावर. नवरा बोटीवर, सहा महिने यायचा नाही, म्हणून सध्या मी आणि चिमणी अशा दोघीच. चिमणी म्हणजे माझी लेक, दीड वर्षाची, आल्या आल्या घरभर तुरुतुरु पळून दमली. आधीच्या डॉक्टरांनी इथे चाळीस वर्षं लहान मुलंच तपासली. मागच्या वर्षी वारले. त्यांची केसपेपरची कपाटं, बाळांचा वजनकाटा, सगळं जागच्या जागी आहे. तपासायच्या टेबलावर त्यांच्या हातची पाटी आहे: 'मुलावरून नजर हलवू नये.' बरोबरच आहे, टेबलावरून मूल पडायला कितीसा वेळ लागतो? सिस्टरही त्यांच्याच वेळच्या, साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. जमेल आमचं.

९ मार्च
सर्दी, जुलाब, फुटलेले कान, एक कावीळ, एका नाकातला वाटाणा. कामाचा त्रास नाही, माणसांचा आहे. एका मुलाबरोबर पाच-पाच जणी! आई, आजी, मावशी, आत्या, वर शेजारीण. आणि त्यातली एक कायम मुलाकडे टक लावून बसलेली. माझ्याशी बोलतानाही नजर काही हटत नाही. अहो, मूल म्हणजे काय गॅसवरचं दूध आहे, उतू जायला? मला हात हलवायला जागा उरत नाही. आज दारावर कागदी पाटी लावली: 'एका मुलासोबत एकच माणूस.' सिस्टर म्हणाल्या, लावू नका, आणि पुढे काही सांगू लागल्या. मी म्हटलं, गावगप्पा दवाखान्याबाहेर.

१४ मार्च
सात महिन्यांचं बाळ. तीन दिवस ताप, आज चौथ्या दिवशी ताप गेला, अंगावर बारीक पुरळ. रोज दिसणारं दुखणं, आपोआप बरं होणारं. आई शिवणकाम करते. ती म्हणाली, की ताप उतरल्यापासून बाळाकडे बघितलं नाही तर ते श्वासच घेत नाही. मी अंगडं वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. छत्तीस. पुन्हा मोजले, छत्तीस. तर बाई म्हणते, तुम्ही बघताय ना, म्हणून. आता याला काय उत्तर द्यायचं, कप्पाळ!

बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावली. दोघी आकडा बघत बसलो: ९८, ९३, ८८. दचकून बाळाकडे पाहिलं, तर ते मजेत पायाचा अंगठा चोखतंय, आणि आकडा पुन्हा चढायला लागलेला. यंत्र भंगारात घालायच्या लायकीचं आहे. केसपेपरवर लिहिलं: 'बाळ ठीक. आई काळजीखोर.'

१७ मार्च
शिवणवाली आज पुन्हा. तिसऱ्यांदा! तीन दिवस डोळ्याला डोळा नाही, तोंड पार उतरलेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि हिचं एकच पालुपद. माझं डोकंच उठलं. बरोबर बहीण आली होती; पाटी दाखवून बहिणीला बाहेर बसवलं. हिला म्हटलं, नळावर जाऊन तोंड धुऊन या, मी आहे इथे. तिने विचारलं, बघत राहाल ना? म्हटलं, हो हो.

होतेच मी तिथे. केसपेपर लिहीत होते. बाळाकडे पाठ करून. दोन मिनिटं झाली असतील, तीन असतील. वळले तेव्हा—

पाऊण तास छाती दाबली. गेलं. घशात काही अडकलेलं नाही, उलटी नाही. कारण काय लिहू? ती रडलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, की तुम्ही बघत होतात ना. मी हो म्हटलं. खोटं बोलले.

१९ मार्च
दवाखान्यात कोणी फिरकत नाही. जुने केसपेपर उपसत बसले. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्या. आल्यापासून धड वाचलंच नव्हतं. ताप, पुरळ, चौथ्या दिवशी ताप गेला. असे तेवीस. प्रत्येकाच्या कोपऱ्यात: आई सहा ते दहा, आजी दहा ते दोन, मावशी दोन ते सहा. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला नातेवाइकांची यादी करायचा नाद होता. त्या पाळ्या होत्या. मुलाकडे बघत बसायच्या. खाली एकच ओळ: 'एकवीस दिवस. मग धोका नाही.' तेवीसच्या तेवीस वाचलेली.

सिस्टरना फैलावर घेतलं, सांगितलं का नाही? म्हणाल्या, सांगत होते, तुम्हीच म्हणालात गावगप्पा.

चिमणीचं अंग कोमट लागतंय.

२० मार्च
ताप एकशे दोन. त्या बाळाला हात लावल्यावर हात धुतले होते मी. धुतले होते ना?

२३ मार्च
ताप उतरला. पोटावर पुरळ.
तिच्या पोटावर हात ठेवून खिडकीकडे तोंड केलं. पाच मोजले. पोट हललं नाही. वळले. हललं. 
पुन्हा नाही करणार. पुन्हा कधीच नाही.

मोठ्या इस्पितळात फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आकडे विचारले. आकडे चांगले आहेत, मी बघत असते तोवर. म्हणाले, तुम्ही दमलाय, झोप काढा, नाहीतर गाडीत घालून आणा. कोण चालवणार गाडी? रस्त्याकडे बघू की हिच्याकडे? पलीकडून पेनाचा आवाज आला. काय लिहिलं ते मला पाठ आहे.

सिस्टर येणार नाहीत. त्यांच्या नातवाचा ताप आजच उतरलाय.

२४ मार्च
कागदाकडे न बघता लिहितेय. ओळी कुठे जातात देव जाणे. लिहिलं की जाग राहते.
चिमणीला खाली आणलं, टेबलावर निजवलं. दार सताड उघडं ठेवलंय. कोणीतरी येईल. कोणीही या.

२५ मार्च
तिसरा दिवस. अजून अठरा.
डुलकी लागली— ओठ निळे. आली परत. पुढच्या वेळी येईल का—
हसतेय माझ्याकडे बघून. वेडी.

पावलं. दाराशी. मान वळवता येत नाही. खोकल्यावरून ओळखलं. शिवणवाली.
सगळं कबूल केलं. बघत नव्हते, पाठ केली होती, खोटं बोलले. पाया पडते, थोडा वेळ बघा हिच्याकडे—
ती विचारतेय, आत किती जण आहेत.
एकटीच आहे मी, म्हटलं.
पाटी वाचतेय ती. मोठ्यांदा. एकेक शब्द. एका मुलासोबत—
फाडा हो ती! आत या, आत
खुर्ची ओढली. बाहेरच बसली.

डोळे चुरचुरतात. धूसर. एकदाच पुसते. चिमणे, घाबरू नको, आई आहे इथे, मी आहे इ