लॅमिनेट केलेलं लग्न

अहो,

विवाह हे पवित्र बंधन आहे आणि ते जिवापाड जपायला हवं, हे मला मान्य आहे. पण म्हणून कुणी लग्नाचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणतं का?

व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी ते दोन बोटांत धरून वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, यावर शिक्का कुठे मारू? हे तर हॉटेलचं मेन्यूकार्ड झालंय!" मागची अख्खी रांग हसली. इतकी वर्षं वर्ग सांभाळला, पण अशी शोभा कुठल्या कार्ट्यानेही केली नव्हती.

वर तुम्ही फोनवर म्हणता, "अगं, आता त्यावर चहा सांडला तरी चिंता नाही!" चहा सांडला असता तर चाललं असतं हो. चहाच्या डागावर शिक्का बसतो. आणि मग हळूच विचारलंत, "म्हणजे आता तुझं तिकडे शिकवायला जाणं रद्द का?" तुमच्या आवाजात दुःख शोधलं, सापडलं नाही.

मी विवाह नोंदणी कार्यालयात नवी प्रत काढायला जातेय. जेवण झाकून ठेवलंय. टेबलावरच्या फायलीला हात लावायचा नाही. प्लॅस्टिक इस्त्रीने सुटतं, असं तुमचे मित्र सांगतील. इस्त्री मी शेजाऱ्यांकडे ठेवून आलेय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर द्यायचं राहिलं. माझा व्हिसा मंजूर झालाय. ते सर्टिफिकेट तुमच्या व्हिसाला लागत होतं.