काटा निर्दोष आहे

४ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय ताई,

नमस्कार. तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण तू ‘मजेत’ लिहिणार आणि मी विश्वास ठेवणार नाही. दाजींकडून खरी बातमी मिळते. परवा डायलिसिसवरून आलीस ती जिना चढताना दोनदा बसलीस म्हणे. जेवतेस का नीट? विचारलं की ‘भूक नाही’ हे तुझं ठरलेलं.

आता माझी खबर. वजन तिथंच आहे. तसूभरही हललेलं नाही. किडनीच्या डॉक्टरांनी मला पुन्हा त्यांच्या काट्यावर उभं केलं, चष्मा पुसून आकडा पाहिला आणि म्हणाले, “रक्त जुळलं, सगळं जुळलं, पण एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी मी काढणार नाही. ते तुमच्याच जिवावर बेतेल. आधी उतरवा.” मी म्हटलं, “डॉक्टर, किडनी काढलीत की तेवढं आपोआप उतरेल की.” नर्स हसली, डॉक्टर हसले नाहीत. या माणसावर माझा विश्वास बसत नाही. जो विनोदाला हसत नाही तो सुरी धरताना कसला विचार करत असेल?

रोज पहाटे चालतो. कोपऱ्यावरचा न्हावी दुकान उघडता उघडता विचारतो, “साहेब, उतरलं का काही?” मी सांगतो, “हो, तोंड उतरलंय.” खाणं म्हणशील तर उकडलेल्या भाज्या आणि सूप. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की मी केकाकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसतो. साहेबांना वाटलं, मी रुसलोय.

तरी वजन उतरत नाही. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तुला माझा धंदा ठाऊक आहे. दिवसभर दुकानादुकानांतून काटे तपासायचे. पारड्याच्या बुडाला चिकटवलेला चुंबक मला दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनच कळतो. फार साळसूद हसला की समजायचं, हात पारड्याखाली घाला. तेव्हा पहिला संशय अर्थातच घरच्या काट्यावर घेतला. वजनमाप खात्याची प्रमाणित वजनं पिशवीत घालून घरी नेली आणि न्हाणीघरात काट्यावर एकावर एक रचली. बायको दारात टॉवेल घेऊन उभी. म्हणाली, “अहो, मी आंघोळ कधी करू? तुमचा काटा आंघोळ करून झाल्यावर?” तपासणी पूर्ण झाली. काटा निर्दोष निघाला.

तेव्हापासून घरातली माणसं आरोपी आहेत. आणि घरात माणूस एकच आहे.

ताई, तुझ्या भावजयीचं काही तरी चाललंय. मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. “तुम्ही बसा, मी आणते,” म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी पाण्याचा पेला हातात आणून दिला नाही, आणि आता सूप ट्रेमधून येतं! वर विचारते, “आवडलं?” उकडलेला दोडका कुणाला आवडतो गं? पण खरं सांगतो, आवडतो. हेच मला खटकतंय. दर रविवारी तुझा फोन आला की ती दार लोटून घेते. मी दाराशी कानोसा घेतला तर बोलणं थांबतं आणि पातेली वाजायला लागतात.

मला वाटतं, माझं ऑपरेशन व्हावं असं तिला मनातून वाटत नाही. तिला दोष देत नाही. पण तू तिला जरा खोदून विचार. तुझ्यापाशी ती मोकळी बोलते. माझ्या बाजूची अशी तूच एक आहेस.

तुझा,
ढब्बू


२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी, घरून

ताई,

तुझं उत्तर मिळालं. “बायकोवर संशय घेऊ नये रे ढब्ब्या. तुझा काटाच जुना झाला असेल.” वाचलं आणि मनात पाल चुकचुकली. काटा मी तपासला हे तुला सविस्तर लिहिलं होतं. माझ्या तपासणीवर तू आजवर कधी शंका घेतली नव्हतीस.

हे पत्र लिहितोय, फोन करत नाही, कारण फोनवर तू हसून विषय उडवतेस.

गेल्या आठवड्यात शेजारच्या आजोबांच्या नळाची चावी तुटली म्हणून मी सूप अर्धं टाकून धावलो. परत आलो तेव्हा जेवायची इच्छा गेली होती. वाटी फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी पाहतो तर सुपावर पिवळट थर धरलेला, चमचा आपटला तर टकटक वाजावं इतका घट्ट. मी तो खरवडून बशीत काढला आणि वजन केलं. किती भरलं ते लिहीत नाही. एखाद्या दुकानदाराकडे एवढी तफावत सापडती तर मी दुकानाला टाळं लावलं असतं.

बशी बायकोपुढे ठेवली. “हे काय आहे?”

“लोणी.”

“कुणी घातलं?”

“मी.”

इतकं सरळ! आजवर एकाही आरोपीनं मला असं उत्तर दिलं नव्हतं. मी पुढचा प्रश्नच विसरलो. तीच मग खुर्ची ओढून बसली.

“ताईंना वचन दिलं होतं मी. त्या म्हणाल्या, ‘तो हट्टी आहे, मी नको म्हटलं तर मुळीच ऐकणार नाही. त्याचं वजन उतरू देऊ नकोस, म्हणजे डॉक्टरच नाही म्हणतील. त्याला सुरीखाली घालून मला जगायचं नाही.’ आणि अहो, मलाही तेच हवं होतं. भीती वाटते हो मला. लोणी घालताना ताईंचा चेहरा दिसायचा, की हात थांबायचा. मग तुमचा दिसायचा, की पुन्हा चालायचा.”

मग ती रडली. मी रागावायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

रागावणार तरी कुणावर? मी डॉक्टरांच्या काट्यावरून खाली उतरायचो तेव्हा तोंडानं हळहळायचो, पण जिना उतरताना मोकळा श्वास घ्यायचो. आज नाही, म्हणजे पुढच्या महिन्यापर्यंत सुटलो. तुझं जिन्यात बसणं ऐकलं आणि मग स्वतःचाच संशय यायला लागला. सूप इतकं चवदार लागत होतं, तरी मी स्वयंपाकघराचं ते दार एकदाही ढकललं नाही. मला भीती वाटते, ताई. मी घाबरट आहे आणि तरी देणार आहे. तुला यातलं काय मान्य नाही ते तू ठरव.

पण तुझा गुन्हा त्याहून जुना आहे.

आई गेली तेव्हा तू शाळेतच होतीस. स्वयंपाक तुझ्याकडे आला. मी पानावर बसलो की दोन मिनिटांत ताट रिकामं. तू तुझ्या ताटातलं अर्धं माझ्याकडे सरकवायचीस. “मला भूक नाही रे. खरंच. संपव तू.” मी संपवायचो. वर्गातली पोरं ढब्बू म्हणायला लागली, तेव्हा तुला कोण आनंद झाला होता! तुझे खांदे हाडाहाडांचे होते, आणि मला वाटायचं, माझी बहीण बारीक चणीची आहे. अख्खं आयुष्य संशय घेण्याचा पगार घेतला मी. चांगल्या चांगल्या व्यापाऱ्यांवर घेतला, त्या बिचाऱ्या काट्यावर घेतला, स्वतःच्या बायकोवर घेतला. तुझ्या त्या एका वाक्यावर मात्र कधी घेतला नाही.

या खेपेलाही तू तेच केलंस. माझ्या ताटात वाढलंस आणि आपण उपाशी राहिलीस. फक्त वाढायला दुसरा हात शोधलास.

आता लक्ष देऊन वाच. बायको हल्ली माझ्यासमोर शिजवते आणि मी ओट्याशी उभा राहून तपासतो. ती म्हणते, असल्या नवऱ्यापेक्षा जाडा नवरा बरा. दोडका आता दोडक्यासारखा लागतो. म्हणजे भयंकर. काटा हलायला लागलाय. काल डॉक्टर आकडा बघून म्हणाले, “अजून थोडं उतरलं की तारीख देतो.” मी म्हटलं, “तारीख द्या, पंचांग मी बघतो.” हसले, ताई! चक्क हसले. आता त्यांच्यावर माझा थोडा विश्वास बसलाय.

आज दुपारी तुझा फोन येईल. मी उचलणार आहे. स्वयंपाकघराचं दार उघडं असेल. तू ‘नको’ म्हणायला तोंड उघडशील, तेव्हा हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलेलं नसेल, म्हणून आधी मीच बोलेन आणि पुन्हा इथे लिहून ठेवतो, म्हणजे तुला विसरता येणार नाही.

माझ्या ताटात दोन आहेत. एक तुझ्याकडे सरकवतोय. मला भूक नाही गं. खरंच. संपव तू.

तुझा,
ढब्बू