टेबलावरचा पगार

बाई, तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली. तरी आज तुम्हालाच विचारावंसं वाटतंय, कारण हे होणार असं तुम्ही सांगितलं होतं आणि मला त्यातलं अर्धंच कळलं होतं.

खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही उभ्या आहात. सातवीनंतर माझी शाळा बंद केली म्हणून आईला जाब विचारायला शाळेतून आल्या आहात. आई म्हणते, "शिकून काय मामलेदार व्हायचंय का तिला?" तुम्ही चहाला नाही म्हणता. "मामलेदार नको होऊ दे. कारखान्यातला कारकून मॅट्रिक आहे आणि पंख्याखाली बसून हिच्या वडिलांच्या दुप्पट घेतो. फार हुशार आहे म्हणून नाही. मॅट्रिक झालेले मोजकेच आहेत म्हणून. सगळ्यांची मुलं मॅट्रिक होऊ देत, मग बघा त्याचा रुबाब." वडील दिवसभर मशीनवर उभे राहून आलेले, ते खाटेवरून हसले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते. पुढे कॉलेज झालं, बँकेत लागले, आणि निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीत मसाल्यांचा छोटा व्यवसाय काढला. खाली पॅकिंग, वर ऑफिस.

गेल्या वर्षी खाली बायका मिळेनात. मिरचीच्या खकाण्यात उभं राहून पाकिटं भरायची, आणि आता प्रत्येकीची मुलगी बारावी झालेली. ती कशाला येईल? मी पगार वाढवला, परत वाढवला. वर बिलिंगसाठी 'बारावी पास, कॉम्प्युटर येणारी हवी' असा कागद दाराला लावला, तर दुपारपर्यंत जिन्यात मुली उभ्या. तिथे पगार वाढवायची वेळच आली नाही. दोन्ही पगार मीच ठरवले, पण शेजारी ठेवून कधी पाहिले नाहीत.

परवा बिलिंगच्या मुलीने ते माझ्यासमोर ठेवले. तिची आई खाली पॅकिंगला आहे. सहावीत शाळा सुटलेली, पण हिला तिनेच बारावीपर्यंत नेलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, मला खाली घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे का? बारावी काय पाकिटं भरायला केलीस?"

"मग मला मम्मीएवढा तरी पगार द्या ना. ती माझ्यापेक्षा जास्त घेते, मॅडम. घरी सगळे मला हसतात."

संध्याकाळी तिची आई वर आली. खुर्चीवर बस म्हटलं तर बसली नाही. "ती खाली आली तर मी उद्यापासून यायची नाही. माझ्या शेजारीच उभं राहायचं, तर मग शाळेत घातलं कशाला हिला?"

अजून माझा विश्वास बसत नाही. तुम्ही म्हणालात तसंच झालं, बाई. फरक बुजला, वर उलटलाही. खालच्या बायकांचं बरं झालं, याचा मला आनंदही आहे. पण कारकुनाचा रुबाब उतरेल तेव्हा त्या खुर्चीत आपल्याच मुली बसलेल्या असतील, हे तुम्ही बोलला नाहीत. की तुम्हालाही ते दिसलं नव्हतं?

सोमवारी सांगते, असं मी दोघींना म्हटलंय. मॅडमचा नाइलाज आहे, असं त्यांना वाटतंय, आणि मी चेहरा तसाच ठेवलाय. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून लिहिते. मुलीचा पगार आईएवढा करणं मला सहज परवडतं. आहे त्याच पगारात बिलिंगला दुसरी मिळते, म्हणून केला नाही. अजूनही केलेला नाही.