नळीतलं मेण

आबा,

काल इथे अमेरिकेत, फ्रिस्कोच्या पार्कात आमच्या पाइप बँडबरोबर तुमची बॅगपाइप वाजवली. बँड स्कॉटिश चालींचा, त्यात मी एकटीच मराठी. टाळ्या पडल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलटणीत तुम्ही जन्मभर परेडच्या चाली वाजवल्यात आणि पेन्शनीत आल्यावर त्याच पिशवीतून जात्यावरच्या ओव्या काढायला बसलात. शेजारी म्हणायचे, सुभेदार काखेत बकरं धरून बसले. एक सूर काही केल्या ऐकत नव्हता. मला अजून दिसतं, तुम्ही पडवीत आहात, आई चुलीपाशी. नळीवरच्या एका भोकाच्या कडेला तुम्ही मेणाचा कण लावता, वाजवता, आणि आई भाकरी थापता थापता म्हणते, "अजून टोचतंय." परत मेण, परत तीच ओवी. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "आता बसलं." मी त्या मेणाला नख लावायला गेले तर तुम्ही हातावर चापट मारलीत. "ते माझं न्हाई, तुझ्या आईचं हाय."

इथे सगळ्यांच्या नळ्या एकसारख्या लागतात, माझा तेवढा एक सूर खाली राहायचा. वाजवताना शेजारचे वळून बघायचे. चारचौघांत वेगळं पडायची मला पहिल्यापासून भीती, तुम्हाला ठाऊकच आहे. एका प्रॅक्टिसनंतर पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर नळी ठेवली आणि टूथपिकने मेण कोरून काढलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

काल घरी आल्यावर लेकीला आईची ओवी वाजवून दाखवली. ती म्हणाली, "मॉम, हे आजीचं गाणं? इट साउंड्स लाइक युअर परेड स्टफ." मी मेणबत्तीचं मेण आणून लावलं, काढलं, परत लावलं. पण किती लावायचं? आई तर तुमच्याही आधी गेली. बसलं की नाही, हे सांगणारं आता कुणी नाही.

घरी मी सांगितलंय की बँडमास्तरने मेण काढायला लावलं. तुम्हालाही तसंच लिहिणार होते. पण हे पत्र कुठे जायचं नाही, मग इथे तरी खोटं कशाला? त्या म्हाताऱ्या बँडमास्तरने तर त्या प्रॅक्टिसला नळी उजेडात धरली होती, मेणावरून हळूच अंगठा फिरवला होता आणि मला विचारलं होतं, हे कुणी मुद्दाम लावलंय का?

मी म्हणाले, नाही, मळ आहे.