या वेळी कपडे तू राखायचे

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला रोज तेल लावतोस हे वाचून बरं वाटलं, वहिनी लावून देते हे वाचून राग आला. तिचा स्वतःचा घोटा सुजलेला. तुझा हात तुझ्या गुडघ्यापर्यंत पोचतो की.

आता खबर. फेब्रुवारीअखेर लेक आणि जावईबापू सुट्टी काढताहेत. गाडीनं आम्ही तिघं तुमच्याकडे येतोय, चार दिवस मुक्काम. लेकीला बाबांना पंपाच्या नोकरीत मिळालेलं आपलं जुनं क्वार्टर बघायचंय. एका खोलीत सहा माणसं झोपायची आणि एकानं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची, हे तिला खरंच वाटत नाही. म्हणते, आई तिखटमीठ लावून सांगते.

आणि मला तलाव पोहून जायचाय. अलीकडच्या काठावरून पलीकडच्या पंपघरापर्यंत, तुम्ही तिघं भाऊ जायचात तसा. हसू नकोस. हे गेल्यावर मी तरणतलावात नाव घातलं, तेव्हा 'वयाला शोभेल ते कर' असं तू लिहिलं होतंस. मी शिकले. आमचे पोहण्याचे मास्तर कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत, तेसुद्धा म्हणतात की बाईंना बाहेर काढायला घड्याळ दाखवावं लागतं.

आठवतं ना? तुम्ही अंगावरचे कपडे काठावर टाकून उड्या मारायचात. ते गाठोडं डोक्यावर घेऊन, तेलाचा रिकामा डबा काखेत मारून, मी तलावाला वळसा घालत काट्यांतून पलीकडे धावायची. सकाळचं ऊन थेट तुमच्या डोळ्यांत यायचं, समोरचा काठ दिसायचा नाही. मी आपल्या ठरलेल्या ठोक्यानं डबा वाजवायची, तुम्ही आवाजाच्या रोखानं यायचात. मग बाबा तुमचा तळवा तांबड्या रंगात बुडवून पंपघराच्या भिंतीवर उमटवायचे. तिथं तीन तळवे आहेत, तुमचे. मी माझा हात पुढे केला, तर बाबा म्हणाले होते, पुढच्या वेळी. आणि तुम्ही मला शेपूट म्हणायचात.

थोरले दोघं आता राहिले नाहीत. तू आहेस. तेव्हा मी पाण्यातून, आणि या वेळी कपडे तू राखायचे.

वहिनीला नमस्कार. लोभ कर, उपदेश नको.

तुझी,
शेपूट


९ जानेवारी

चि. शेपूट हिस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही येताय म्हटल्यावर तुझ्या वहिनीनं आजच गाद्या उन्हात टाकल्या. अजून महिना दीड महिना आहे म्हटलं, तर मलाच गादीबरोबर उचलायला लावलं.

तुझ्या पत्राचा पुढचा भाग मी वाचलाच नाही असं समज. अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? तरणतलावात खाली फरशी असते, कडेला धरायला दांडी असते. इथं मध्यावर तळ लागत नाही आणि शेवाळ पायात अडकतं. काही बरंवाईट झालं तर मी भाचीला काय तोंड दाखवू?

लोक काय म्हणतील तेही लिहितो, नाहीतर म्हणशील दादा मनात ठेवतो. बाबांच्या मागे याच पंपावर मी जन्म काढला. पंपवाल्याच्या बहिणीला म्हातारपणी चळ लागला असं चौकात चार माणसं म्हणाली, तर ते ऐकायला मी इथं असणार, तू नाहीस.

भिंतीवरच्या तळव्यांचं म्हणशील तर तिथं आता पोपडे आलेत. तलावावरच्या चौकीदाराला मी सांगून ठेवलंय, नावेची साखळी सोडायची नाही आणि नाव वल्हवायची तर मुळीच नाही. तो माझ्या हाताखाली होता, माझ्या शब्दाबाहेर नाही. डबाही अडगळीत टाकलाय. या, चार दिवस खा, प्या, लोळा. आणि काठावर बसून तलाव बघ. काठावरून तो फार सुरेख दिसतो.

माया आहे म्हणून रागावतो, एवढं ध्यानात असू दे.

दादा


१५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काठावरून तलाव कसा दिसतो हे तू मला सांगतोस. माझं सगळं लहानपण काठावर गेलं. कुठल्या दगडावर पाय सरकतो, कुठे काटे पायाला लागतात आणि कुठे थेट पोटरीला, हे मी अजून डोळे मिटून सांगेन. पाणी कसं लागतं, तेवढं मला माहीत नाही.

दादा, मी परवानगी मागितली नव्हती, कळवलं होतं. आजवर ज्यानं त्यानं मला बस म्हटलं आणि मी बसले. आता नाही बसायची. चौकातल्या त्या चार माणसांना माझा निरोप दे, म्हणावं जरा लवकर उठून या, म्हणजे नीट दिसेल.

भीती वाटते का, तर वाटते. तळ नाही त्याची नाही. उन्हात काठ दिसला नाही तर मी कुठल्या कुठे जाईन, याची वाटते. म्हणून तर तू हवास. तो ठोका माझ्याशिवाय आता फक्त तुझ्या कानात आहे. तू नाही आलास तर ठोक्यावाचून जाईन, पण जाईन.

रागावली तरी बहीणच, असं म्हणून सोडून दे.

तुझी,
शेपूट


२४ जानेवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून घरात अबोला आहे. खरं म्हणजे तुमच्याशी, पण तुम्ही लांब, म्हणून माझ्याशी. रोज संध्याकाळी तलावावर जाऊन बसतात. परवा मी मागून गेले, तर पाण्यात खडे टाकत होते आणि पुटपुटत होते, की दोघं गेले, आता हिला काही झालं तर मला दादा म्हणणारं कोण उरलं. मी तशीच मागे फिरले. तुम्हाला हे माहीत असावं, म्हणून लिहिलं.

माहीत असूनही तुम्ही यावं असं मला वाटतं. सून म्हणून या गावात आले तेव्हापासून त्या तलावाचं पाणी भरते आहे, पण घोट्याच्या वर कधी लागू दिलं नाही कुणी. तुम्ही पार झालात तर मला माझंच काही झाल्यासारखं वाटेल.

डबा अडगळीत नाही. मी तो काढून धुऊन पिठाच्या पिंपामागे ठेवलाय. ह्यांनी नाही म्हटलं तर मी घेऊन जाईन, घोटा गेला खड्ड्यात. चौकीदाराचं म्हणाल तर तो ह्यांच्या शब्दाबाहेर नाही हे खरं, पण गेली कित्येक वर्षं त्याला चहा कोण पाजतं हेही तो विसरलेला नाही. नाव वल्हवणार नाही म्हणतो. साखळीला कुलूप घालायला मात्र त्या दिवशी विसरेल.

येताना घोट्याला बांधायची पट्टी आणा. माया राहू दे, आणि हे पत्र वाचून फाडा.

तुमची,
वहिनी


४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. निघताना तू एक अक्षर बोलला नाहीस, गाडीच्या चाकांतली हवा तेवढी बघितलीस. म्हणून लिहून सांगते.

पहिल्या दिवशी क्वार्टर बघितलं. आता तिथं राहणाऱ्या बाईनं आत घेतलं. ती खोली बघून लेक जमिनीवर आडवी झाली आणि तिनं हात पसरून बघितले, दोन्ही भिंतींना लागले. आता म्हणते, आई, तू कमीच सांगितलंस. त्या रात्री जेवताना तू ताटावरून उठलास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. मी समजले की तू येत नाहीस.

सकाळी वहिनी डबा घेऊन लंगडत पुढे निघाली. चौकीदार झाडाकडे तोंड करून उभा होता. नाव जावईबापूंनी घेतली, जन्मात पहिल्यांदा. लेक सोबत बसली. मी चष्मा कपड्यांवर ठेवला आणि उतरले. पाणी गार होतं, दादा, आणि मऊ. तुम्ही हे मला कधी सांगितलं नव्हतं.

मध्यावर पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. मग ऊन वर आलं आणि समोर नुसतं पांढरं झालं. तेवढ्यात डबा वाजायला लागला, पण वहिनी घाईनं एकसारखा बडवत होती. तो आवाज बाजूच्या टेकडीवर आपटून दोन्हीकडून यायला लागला. मी टेकडीच्या रोखानं गेले, फसले, परत फिरले. मागे जावईबापू नाव गोल गोल फिरवत होते. लेक ओरडून विचारत होती, आई, काठ कुठे आहे? म्हणजे तिलाही दिसत नव्हता. मी उताणी तरंगले. हात वर करून नाव बोलावली असती तर संपलं होतं. हात जड झाला होता, नाही म्हणत नाही. पण बाबांचं 'पुढच्या वेळी' आठवलं आणि मी तो पाण्याखालीच ठेवला.

मग डबा थांबला. आणि दोन ठोके आले. मग गप्प. टेकडीचा आवाज विरेपर्यंत गप्प. पुन्हा दोन. वहिनीला तो ठोका येत नाही. मी पाण्यात मोठ्यानं रडले, तिथं कुणाला कळतंय, आणि सरळ निघाले.

काठावर तू होतास. माझ्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर, पोटऱ्या रक्ताळलेल्या. पंचा अंगावर टाकलास आणि एवढंच म्हणालास की पाय फार हलवतेस. भिंतीजवळ मी हात पुढे केला, तर म्हणालास की रंग नाही आणला, पुढच्या वेळी. दादा, हे मी एकदा ऐकलंय. त्यामुळे एप्रिलात मी परत येते आहे, रंग घेऊन. तू कपडे कसे आणलेस तेवढं कळव.

वहिनीचा घोटा कसा आहे? तुझ्यावरचा लोभ आता पाण्याइतका खोल आहे, तळ शोधू नकोस.

तुझी,
शेपूट


११ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीच्या घोट्याची सूज उतरली. माझ्या पोटरीतले काटे ती अजून सुईनं काढते आहे आणि प्रत्येक काट्याला हसते आहे.

विचारलंस म्हणून सांगतो. त्या सकाळी तुला अडवायलाच आलो होतो. काठावर पोचलो तर तू पाण्यात, आणि दगडावर तुझी साडी घडी घातलेली, वर चष्मा. वहिनी डबा घेऊन पुढे गेली होती, कपडे मागेच राहिले होते. मी तिथं उभा राहून विचार केला की ही पलीकडे पोचली तर ओल्या अंगानं उभी राहील. बुडशील हा विचारच त्या क्षणी आला नाही, पोचशील हाच आला. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघालो.

त्या वाटेनं मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. आम्ही पाण्यातून जायचो, पलीकडे कपडे तयार असायचे, डबा वाजत असायचा. ते कोण आणतं, कसं आणतं, हा प्रश्न आम्हा तिघांपैकी कुणाला पडला नाही. तू तर तेव्हा अनवाणी असायचीस. अर्ध्या वाटेत दम खायला बसलो आणि मला तुझा राग कळला.

चौकात चार माणसं भेटली. बोलली सुद्धा. मी म्हटलं, माझीच बहीण, एप्रिलात परत येते आहे, लवकर उठलात तर दिसेल.

रंग आणू नकोस, मी आणलाय. काल पंपघरावर जाऊन तुझ्यापुरती भिंत खरवडून ठेवली. आमच्या तिघांच्या खाली नाही, वर. कुंचला घेऊन गेलो होतो, मग लक्षात आलं की तळवा तर तुझ्याकडे आहे.

एक अडचण आहे. तुझी वहिनी आता पोहायला शिकायचं म्हणते. कपडे कोण राखणार विचारलं, तर दोघींचेही तुम्हीच, असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवून मोकळी झाली.

लवकर ये. तू पाण्यातून, मी काट्यांतून, अशीच माया राहू दे.

तुझं,
शेपूट